पोराचे पेपर संपेपर्यंत

आळशी मुलगा मी माझ्या सगळ्या नोकरीत एकही पाहिला नाही. हे वाचून माझे जुने सहकारी हसतील, कारण बेळगावच्या एका कॉलेजच्या वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षे 'उद्यापासून बसतो सर' हे ऐकण्यात गेली. पण खरोखरचा आळशी माणूस सुखात असतो. त्याला झोप लागते, खाल्लेले अंगी लागते. माझी मुले तशी नव्हती. अभ्यासाची चालढकल करणारा मुलगा दिवसभर राबत असतो, फक्त जे करायचे तेवढे सोडून बाकी सगळे करत असतो, आणि त्याच्या जिवाला घटकेची स्वस्थता नसते. हे मला कळायला बरीच वर्षे लागली. कळले तेव्हा ज्याला त्याचा उपयोग व्हायला हवा होता, त्याला झाला नाही. त्याची हकीगत सांगायची म्हणून हा लेख. तो लिहायला बसण्यात मी स्वतःच दोन दिवाळ्या घालवल्या, हे संपादकांना चांगले ठाऊक आहे.

मी इंटरच्या वर्गाला तर्कशास्त्र शिकवत असे. तर्कशास्त्राच्या माणसाला तास कमी आणि त्याची शिकवणी कोणी लावत नाही, म्हणून प्राचार्यांनी वसतिगृह माझ्या गळ्यात बांधले. कौलारू बैठ्या खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये विहीर, मागे स्वयंपाकघर. मुले निपाणीची, चिकोडीची, खानापूरची, गोकाकची. भांडायची मराठीत, आणि रडायची ज्याच्या त्याच्या भाषेत. ढेकणांच्या तक्रारी, आमटीच्या तक्रारी, कोणी कोणाचा साबण वापरला याचे निवाडे, हे माझे काम. पण खरे काम दिवेलागणीच्या फेरीचे. प्रत्येक दारात क्षणभर थांबायचे आणि मूल काय करते आहे ते पाहायचे.

पुस्तक उघडे आहे की नाही हे मी पाहत नसे, उघडे पुस्तक काहीच सांगत नाही. मी पाहायचो तो पेन्सिलीला टोक काढणारा. टोक झाले की मोडून पुन्हा काढणारा. ट्रंक रिकामी करून पुन्हा भरणारा. घरी सविस्तर पत्र लिहिणारा, मित्राच्या सदऱ्याला बटण लावून देणारा. असे परोपकार परीक्षेच्या महिन्यात फार वाढतात. सुरुवातीला मी अशा मुलांवर ओरडायचो. ओरडले की मूल घाबरायचे, आणि घाबरले की आणखी लांब पळायचे. बुडत्याचा पाय खोलात, तसे ते. मग ओरडणे सोडले आणि शेजारी बसून 'एक पान मला वाचून दाखव' एवढेच म्हणू लागलो. काहींना ते लागू पडायचे.

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता, सदाशिव. त्याच्या ट्रंकेला, कपड्यांना, वह्यांनाही वखारीचा वास. त्याच्या खोलीत कोणी टिकत नसे, शिंकून शिंकून बेजार व्हायचे. हा मुलगा वेळापत्रके करायचा. लाल-निळ्या पेन्सिलीने आखलेली, कडेला वेलबुट्टी काढलेली. पहाटे इतिहास, मग इंग्रजी, मग स्नान. पहिल्याच पहाटे जाग यायची नाही, की वेळापत्रक बिघडले. बिघडलेले कशाला पाळायचे? दिवसभर बसून नवे करायचा. भिंत भरली, पण इतिहासाचे पहिले प्रकरण काही संपले नाही. शेवटी वडिलांनी त्याला वखारीत बसवला. पुढे एकदा निपाणीला गेलो तेव्हा पाहिले, तर गडी घड्याळाच्या काट्यावर काम करत होता. मी चेष्टेने विचारले, "सदाशिव, ही अक्कल तेव्हा कुठं होती?" तो म्हणाला, "सर, हितं गिऱ्हाईक दारात येऊन बोंबलतंय. पुस्तक कुठं बोंबलतंय?" याला उत्तर माझ्या तर्कशास्त्रात नव्हते.

चिकोडीचा एक मुलगा चांगल्या दिवसाशिवाय नवीन धडा सुरू करत नसे. गुरुवारी सुरू करायचा म्हणे. गुरुवारी डोके दुखायचे, मग पुढच्या गुरुवारपर्यंत सुटका. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात तसले हे सगळे. आणि बेचाळीसच्या चळवळीत पकडलेला पिरनवाडीचा एक मुलगा तर सगळ्यांत नवलाचा. वसतिगृहात दोन वर्षे त्याने पुस्तकाचे तोंड पाहिले नव्हते. हिंडलग्याच्या तुरुंगात काही महिने काढून आला तो इंग्रजीच्या कविता तोंडपाठ म्हणत. मी म्हटले, "अरे, हे कसं झालं?" म्हणाला, "सर, तिथं दुसरं काय करायचंच नव्हतं. आणि बराकीत सगळेच वाचत बसायचे, एकट्याला भ्या वाटायचं न्हाय." पुढच्या परीक्षेत तो बऱ्या मार्कांनी पास झाला. सरकारने आमच्यावर केलेला तेवढा एक उपकार मी मानतो. त्याचे ते भीतीचे बोलणे मात्र माझ्या मनात राहिले. भीती हेच खरे दुखणे, चालढकल ही वर आलेली पुळी.

आता नारायणाचे सांगतो.

युद्ध संपायच्या आधीची दोनेक वर्षे असतील. जूनमध्ये एक उंच, पायांनी थोडा वाकलेला माणूस मुलाला घेऊन माझ्याकडे आला. रामाण्णा, शहापूरचे विणकर. घरात पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणायचा धंदा. मुलगा नारायण, गल्लीतला पहिला मॅट्रिक. मला नवल वाटले. शहापूर आमच्या वसतिगृहापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. गावातला मुलगा वसतिगृहात कशाला?

"घरात चार माग हैत, मास्तर," रामाण्णा म्हणाले. "उजाडल्यापास्नं खटाखट. त्यात पोरगं वाचणार कसं?"

"मग मॅट्रिकपर्यंत कसा वाचला?"

रामाण्णांनी मान खाली घातली. "मागावर बसूनच वाचलं की. काय करणार? ते दिस गेलं आता."

हातमाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहापूरचे माग जमिनीतल्या खड्ड्यावर असत. विणकर खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो, पायांनी पावड्या दाबतो, हातांनी धोटा इकडून तिकडे फेकतो. खड्ड्यात ओल असते. पावसाळ्यात तर पाणीच साचते. वीस-पंचवीस वर्षे असे बसले की गुडघे धरतात, छातीत खोकला घर करतो. शहापुरात पन्नाशीचा विणकर सत्तरीचा दिसे. त्या खड्ड्यातून पोराला वर काढायचे म्हणून त्या घराने काय केले होते, ते मला नंतर कळले. नारायण मॅट्रिक पास झाल्यावर गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवले की कॉलेजात जाणाऱ्या पोराने मागाला हात लावायचा नाही. त्याचा माग सोडवून भावकीत दिला. खड्डा मातीने भरून काढला, वर शेणाने सारवला आणि त्या जागेवर टेबल मांडले. त्या टेबलावर त्याचे कॉलेजचे पहिले वर्ष कसेबसे निभले; तरीही बाकीच्या मागांचा आवाज होतो म्हणून इंटरला त्याला माझ्याकडे धाडले. इतक्या मायेने केलेले काम, पण त्यातच सगळे फसले.

नारायण गुणी मुलगा. उद्धटपणा नाही, की चैन नाही. पण तो वाचायला बसला की बसूनच राहायचा. पान उलटत नसे. हात मांडीवर ठेवलेले, आणि पाय जमिनीवर एकसारखे वरखाली. मग तो उठायचा आणि काहीतरी काम काढायचा. आमच्याकडच्या खाटा सुंभाच्या, वर्षानुवर्षे झोळ पडलेल्या. त्याने आधी स्वतःची खाट सोडून पुन्हा विणली. इतकी घट्ट आणि सुरेख की मुले बघायला आली. मग शेजारच्याची विणली. मग रांगेतल्या सगळ्यांच्या. मुले खूश, स्वयंपाकी खूश. प्राचार्यांनीही एकदा थांबून कौतुक केले. मला एकट्यालाच त्या खाटा बघून धास्ती वाटायची.

एका संध्याकाळी त्याच्याजवळ पायरीवर बसलो. "नारायण, वाचन कधी?"

"उद्यापासनं बसतो, सर."

"घरी कसा वाचायचास?"

सुंभ ओढता ओढता तो बोलत गेला. पुस्तक मागाच्या दांडीला दोरीने बांधायचे. पाय चालू झाले की डोळ्यांनी एक ओळ टिपायची आणि धोट्याच्या तालावर म्हणायची. इतिहास, भूगोल, संस्कृतची सुभाषिते, सगळे तसेच पाठ केलेले. शेजारच्या मागावर अण्णा, म्हणजे त्याचे वडील. "चुकलो की अण्णा म्हणायचे, 'अडखळलास बग, परत म्हण.' त्यास्नी वाचाय येत न्हाय, पर ऐकू यायचं की." हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "हितं लई शांत हाय, सर. शांततेत मला कायबी सुचत न्हाय. नुसती भीती वाटती."

मला सगळे लख्ख कळले. मी त्याला म्हटले, "सुंभ विणत विणत म्हण. मी ऐकतो." पुस्तक खाटेच्या पायाला टेकवून ठेवले. आणि खरेच सांगतो, तो मुलगा जसा वाचू लागला, तसे वाचन माझ्या वर्गात कोणी केले नसेल. काही दिवस रोज संध्याकाळी आमची ही शाळा चालली. माझ्या तर्कशास्त्राची व्याख्यानेसुद्धा त्याने सुंभाच्या तालावर बसवली. मी घरी बायकोला म्हटले, पोरगे तरले.

पण खाटाच संपल्या. दोन्ही रांगांतली एकही खाट सैल उरली नाही. एकदा मी त्याला, त्यानेच विणलेली चांगली खाट उसवताना पाहिले. मला पाहून तो चोरासारखा उठला. त्यानंतर त्याने सुंभाला हात लावला नाही आणि पुस्तकालाही नाही.

रामाण्णा दर बाजाराच्या दिवशी यायचे. फाटकाच्या आत कधी येत नसत. आत आलो तर पोराचा अभ्यास मोडेल, ही समजूत. बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, भाकरीचे गाठोडे गड्याच्या हाती द्यायचे. मी दिसलो की एकच प्रश्न. "पोरगं वाचतंय न्हवं, मास्तर?" पोट धरून खोकायचे आणि तोंडावर टॉवेल धरायचे. मी म्हणायचो, दवाखान्यात दाखवा. "दावलंय. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हंत्यात. जाऊ की, पोराची परीक्षा झाली की."

एकदा मी धीर करून त्यांना फाटकाबाहेर गाठले. म्हटले, "रामाण्णा, माझं ऐका. रविवारी नारायणाला घरी न्या आणि तुमच्या मागावर बसू द्या. तो मागावरच वाचतो. त्याशिवाय त्याला येत नाही."

ते रागावले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते रागापेक्षा वाईट होते. "मास्तर, त्या खड्ड्यात माझ्या बाचं पाय गेलं, माझं गेलं. येक पोरगं वर काढलंय. तुमीच म्हंता, परत घाल?"

त्यांचेही काय चुकले होते? ज्याने आयुष्य त्या ओलीत काढले त्याला, ओलीतच पोराची विद्या आहे, हे कोणत्या तोंडाने पटवायचे? मी आणखी एकदा बोलून पाहिले. त्यांनी हात जोडले आणि विषय संपवला.

कॉलेजची पूर्वपरीक्षा झाली. तिच्यात जो पडेल त्याला मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नसत. नारायण इतिहासात पडला आणि माझ्या विषयातही पडला. मी त्याला बोलावले. मी म्हटले, "घरी सांग. वर्ष गेलं म्हणजे जन्म गेला नाही. पण सांगायला उशीर करू नकोस. आणि तुला नाही जमत तर मी येतो, दोघं मिळून सांगू."

"नको सर. रविवारी मीच सांगतो."

तो रविवार गेला, पुढचाही गेला. मग मी शर्ट-टोपी चढवली आणि म्हटले चल, आत्ता जाऊ. तो घाईने म्हणाला, "मी जातो सर, येकटाच जातो." संध्याकाळी परत आला तो हलका होऊन. "सांगितलं, सर."

"काय म्हणाले अण्णा?"

"कायबी बोलले न्हाईत. पुढच्या साली बस म्हणाले. तवर हितंच ऱ्हा, आतापासनं वाच म्हणाले."

माझे डोळे भरून आले. काय मनाचा मोठा माणूस, असे मी दहा जणांना सांगितले. शिक्षकांच्या खोलीत बसून मी रामाण्णांचा दाखला दिला की शिकलेल्या बापांनी यांच्याकडून शिकावे. सांगितलेले खोटे आहे अशी शंका मला आली नाही. नारायण खोटे बोलणाऱ्यांतला नव्हता. तो फक्त खरे बोलणे पुढे ढकलणाऱ्यांतला होता, आणि त्यातून खोटे आपोआप उगवते.

त्या सुमारास रामाण्णा यायचे थांबले. गाठोडे घेऊन त्यांचा धाकटा भाऊ कृष्णाप्पा येऊ लागला. नारायणाने विचारले, "काका, अण्णा न्हाय आले?" कृष्णाप्पा म्हणाला, "लगीनसराई हाय रं. मागावरनं उठाय सवड न्हाय." मी शेजारीच होतो. पोराच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे दिसले. बापाला तोंड दाखवायला नको, एवढेच त्याला हवे होते. आणि कृष्णाप्पाला पोराने जास्त विचारायला नको, एवढे हवे होते. दोघे एकमेकांना फसवून आपापल्या वाटेने गेले आणि मी मधे उभा राहून त्यांना हसून निरोप दिला.

विद्यापीठाची परीक्षा सुरू झाली. आमच्याकडे पद्धत अशी होती की पेपरला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तळहातावर स्वयंपाकी दही-साखर घालायचा. सकाळी मुले रांगेने उभी. त्या गडबडीत त्याने नारायणाच्याही हातावर दही घातले. नारायणाने ते परत केले नाही. गुपचूप खाल्ले आणि खोलीत गेला. मुले गेली की वसतिगृह ओस पडायचे, आणि त्या ओस वसतिगृहात तो एकटा असायचा.

पेपर निम्मे झाले असतील. दुपारच्या उन्हात कृष्णाप्पा आला. गाठोडे नव्हते. डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला होता. मला हात करून त्याने विहिरीपलीकडे बोलावले. जवळ गेलो आणि टॉवेलाच्या आत पाहिले, तर मिशी काढलेली, डोके भादरलेले.

"आण्णा गेला, मास्तर. काल सकाळी."

तो सांगत राहिला. "दिवाळीपास्नं मिरजेला जा म्हणून डाक्टर सांगत हुता. पोराची परीक्षा हू दे, मग जातो. हू दे, मग जातो. शेवटी अंथरुणाला खिळला तवा समद्यास्नी शपथ घातली. म्हणला, नारायणाला कळलं तर त्यो पेपर सोडून ईल. म्हणून कळीवलं न्हाय. अग्नी मी दिला."

आमच्या भागात परीक्षेला बसलेल्या पोराला वाईट बातमी सांगत नाहीत. आजी गेली, म्हैस गेली, सगळे पेपर संपल्यावर. मी स्वतः अशा बातम्या पुष्कळ वेळा पोटात ठेवल्या होत्या. पण थोरल्या मुलाच्या हातचा अग्नीसुद्धा बापाने परीक्षेसाठी सोडून दिला, असे मी ऐकले नव्हते.

"अजून किती पेपर ऱ्हायल्यात?" कृष्णाप्पा म्हणाला. "ते संपेपतोर तुमीबी त्याला कळू दिऊ नका. येवढंच सांगाय आलतो. गावात कोण बोललं तर त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून."

मी म्हटले, "कृष्णाप्पा, त्याला पेपर नाहीत."

"आज न्हाईत व्हय? मग उद्या?"

"उद्याही नाहीत. तो परीक्षेला बसलेलाच नाही. पूर्वपरीक्षेत राहिला. घरी सांगितलं म्हणाला होता मला. रामाण्णांना ठाऊक नव्हतं?"

कृष्णाप्पा विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसला. टॉवेल खांद्यावर पडला. आणि नेमका त्याच वेळी, काकाचा आवाज ऐकून, नारायण ओसरीवर आला. काही सांगावे लागले नाही. त्याने काकाचे डोके पाहिले आणि तो खांबाला टेकून उभा राहिला. मग चप्पल न घालताच चालू लागला. आम्ही दोघे त्याच्या मागोमाग निघालो.

पुढचे थोडक्यात सांगतो. नारायण पुन्हा कधी परीक्षेला बसला नाही. त्याने टेबल हलवले, माती उपसली, भावकीतून माग परत आणला. शहापुरात आजही तो विणतो. चांगला कारागीर म्हणून त्याचे नाव आहे, संसार आहे, पोरे आहेत. भेटला की वाकून नमस्कार करतो. मी एकदा विचारले, मागावर काही वाचतोस का? म्हणाला, "न्हाय सर. आता नुसतं विणतो." माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत वकील झाले, डॉक्टर झाले, एक तर न्यायाधीशही झाला. त्यांच्या आठवणीने मला बरे वाटते. पण जाग येते ती या मुलाच्या आठवणीने. हे दुःख कोणाच्या पदरात घालावे तेच कळत नाही. बापाने माया केली, पोराने लाज धरली, काकाने शपथ पाळली. वाईट असे कोणी काहीच केले नाही.

पण त्या दिवसाचे एवढे सांगून संपत नाही. आम्ही शहापुरात पोचलो तेव्हा सुतकामुळे त्यांच्या गल्लीतले माग बंद होते. घरात बायका बसल्या होत्या. मुलाला दारात पाहताच आई धडपडत उठली. तिचे डोळे रडून सुजलेले. तरी तिने आधी त्याच्याकडे पाहिले नाही, दिराकडे पाहिले आणि त्याच्यावर कडाडली, "त्याला का आणलासा? पेपर हैत न्हवं त्याचं? त्यांची शपथ मोडलीसा?"

कृष्णाप्पाने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "संपलं वैनी पेपर. समदं चांगलं गेलं."

एवढे खोटे त्या घरात राहू द्यावे, असे मलाही मनापासून वाटले. आणखी दोन महिने निकालापर्यंत सहज गेले असते. नारायण उंबऱ्यातच उभा होता. माझ्या ओळखीतल्या त्या मुलाने त्या क्षणी पहिल्यांदा काही पुढे ढकलले नाही.

"न्हाय आई. मी पेपराला बसलोच न्हाय. नापास झालतो आधीच. अण्णास्नी सांगतो, सांगतो म्हणता ऱ्हायलं."

आईला काही उमगेना. मग हळू आवाजात, नुसते समजून घ्यायचे म्हणून तिने विचारले, "मग काल सकाळी कुठं हुतास रं?"

"तितंच. वसतिगृहात."

"रिकामा हुतास?"

"व्हय."

ती रागावली नाही. जवळ आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"मग हाक मारली असती की रं, बाळा. शेवटपतोर दाराकडं बघत हुते ते."